एस्क्वायमॉल्ट टाउनशिपला भेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडातील सरे, बर्नाबी, कॅलगरी येथील मराठी कुटुंबे आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे मुक्कामाला येणारे आई-वडील व्हिक्टोरियाला यायचे ठरले की शेजारच्या या लहानशा उपनगराविषयी आम्हाला विचारत असतात. बहुतेकांच्या हातात एकच दिवस असतो आणि तो संसदभवन व बुचार्ट गार्डन्समध्येच संपून जातो. त्यातला निदान अर्धा दिवस एस्क्वायमॉल्टसाठी राखून ठेवावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. पुन:पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या गावाच्या नावाचा नेमका उच्चार काय? एस्किमो लोकांशी त्याचा काही संबंध आहे का?

उच्चार ‘एस्-क्वाय-मॉल्ट’ असा आहे आणि जोर मधल्या ‘क्वाय’वर येतो. एस्किमो या शब्दाशी त्याचा काहीही संबंध नाही. येथील मूळ रहिवाशांच्या भाषेतील एका स्थलनामाचे हे इंग्रज कानांनी ऐकलेले रूप असून, पाणी हळूहळू उथळ होत जाते ती जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. बंदराच्या वरच्या टोकाला ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी चिखलट जमीन पाहिली की नावाचा अर्थ लगेच पटतो. कोकणातील वाचकांना तेथे आपल्या खाजणाची आठवण होईल.

२. ‘टाउनशिप’ म्हणजे पुण्यात असतात तशी बिल्डरने बांधलेली वसाहत का? आत जायला परवानगी लागते का?

नाही. पुण्या-मुंबईकडे टाउनशिप म्हटले की कुंपण, फाटक आणि सुरक्षारक्षक डोळ्यांसमोर येतात. ब्रिटिश कोलंबियात मात्र काही नगरपालिकांच्या नावातच हा शब्द असतो. एस्क्वायमॉल्टची नगरपालिका १९१२ मध्ये स्थापन झाली. तिचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस किलोमीटर आहे आणि २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १७,५३३ आहे. व्हिक्टोरिया शहराला ती इतकी चिकटून आहे की रस्त्यावरून चालताना हद्द केव्हा ओलांडली हे कळतही नाही. कारभार मात्र स्वतंत्र आहे, त्यामुळे बागांचे, कुत्र्यांचे आणि वाहने उभी करण्याचे नियम व्हिक्टोरियापेक्षा वेगळे असू शकतात. फाटक फक्त नौदलाच्या तळाला आहे. त्यासंबंधी प्रश्न ८ पाहावा.

३. व्हँकुव्हरहून गाडीशिवाय येता येईल का?

अगदी सहज येता येते. स्कायट्रेनच्या ब्रिजपोर्ट स्थानकावरून ६२० क्रमांकाची बस तवॉसन येथील फेरीच्या धक्क्यावर सोडते. तेथून व्हँकुव्हर बेटावरील स्वॉर्ट्झ बेपर्यंतचा समुद्रप्रवास सुमारे ९५ मिनिटांचा आहे. स्वॉर्ट्झ बेहून ७० किंवा ७२ क्रमांकाची बस व्हिक्टोरियाच्या मध्यवस्तीत येते आणि तेथून एस्क्वायमॉल्टकडे जाणाऱ्या बसगाड्या मिळतात. उन्हाळ्यातील जोडसुट्ट्यांना गाडीसह येणाऱ्यांनी फेरीचे आरक्षण आधी करावे, कारण आरक्षणाशिवाय आलेल्यांना पुढच्या फेऱ्यांची वाट पाहावी लागू शकते. पायी प्रवाशांना ही अडचण फारशी येत नाही. फेरीत बसल्यावर खाली मान घालून फोन पाहत बसू नये. कारण प्रश्न ९ मध्ये दिले आहे.

४. कोणत्या महिन्यात यावे? कॅनडाची थंडी आई-बाबांना झेपेल का?

कॅनडाविषयीची आपली कल्पना येथे लागू पडत नाही. दक्षिणेकडील ऑलिम्पिक पर्वतरांग ढग अडवते आणि तिच्या पाठीमागे असलेल्या या किनाऱ्याला वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटरच पाऊस मिळतो, म्हणजे पुण्यापेक्षाही थोडा कमी. महाबळेश्वर ओलेचिंब असताना घाटाखाली वाईकडे पाऊस उणावतो, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की येथील पाऊस ऑक्टोबर ते मार्चमध्ये पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. हिवाळ्यात बर्फ क्वचित पडतो, पण दिवस अवघा सव्वाआठ तासांचा होतो, तर जूनमध्ये तोच सोळा तासांचा असतो.

आमच्या मते एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला आहे, कारण तेव्हा खडकाळ माळांवर निळी कॅमास फुलते. सप्टेंबरही उत्तम असतो. जुलैतसुद्धा समुद्राकडून येणारा वारा गार असतो, म्हणून प्रत्येकाने एक जाकीट आणि वृद्धांनी कानटोपी जवळ ठेवावी.

५. हातात एकच दिवस आहे. कोणत्या वाटेने फिरावे?

व्हिक्टोरियाच्या जॉन्सन स्ट्रीट पुलापासून सुरुवात करावी. पूल ओलांडला की डाव्या हाताला पाण्याच्या कडेने वेस्टसाँग वॉकवे ही पायवाट लागते. कधी खडकांवरून, कधी पाण्यावर उभारलेल्या लाकडी फळ्यांवरून ती वळणे घेत पश्चिमेकडे जाते आणि जवळपास तीन किलोमीटरवर वेस्ट बे येथे संपते. तोवर आपण एस्क्वायमॉल्टमध्ये आलेले असतो. वाटेत समोरच्या बंदरात समुद्रविमाने उतरताना दिसतात आणि शेवटी तरंगत्या घरांची छोटी वस्ती लागते. रमतगमत चालले तर हा टप्पा तासाभराचा आहे.

वेस्ट बेपासून वस्तीतील शांत रस्त्यांनी मॅकॉले पॉइंटला जावे. हे नाव हडसन्स बे कंपनीशी निगडित असलेल्या व्ह्यूफील्ड शेतमळ्याचे कारभारी डोनाल्ड मॅकॉले यांच्यावरून पडले. झाडे येथे अगदी कमी आहेत. गवताळ उतार, उघडे खडक आणि समोर पसरलेली हुआन दे फुका सामुद्रधुनी एवढेच दृश्य आहे आणि ते पुरेसे आहे. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा या टोकावरच्या बाकावर थर्मासमधला चहा संपेपर्यंत एक शब्दही बोलली नाही आणि नंतर एवढेच म्हणाली, “रत्नागिरीच्या भगवतीच्या किल्ल्यावरून असंच दिसतं, फक्त इथे समुद्राला वास नाही.” तिचे निरीक्षण बरोबर होते. थंड पाणी आणि कोरडी हवा यांमुळे आपल्या किनाऱ्यावरचा खारट, मासळीचा दर्प येथे फारसा जाणवत नाही.

तेथून पायवाटेने फ्लेमिंग बीचवर उतरावे. त्या कपारीत होड्या पाण्यात सोडण्याचा उतार आहे आणि लगतच्या खडकांवर गिर्यारोहणाचा सराव करणारी मुले लटकलेली असतात. मग रस्त्याने पंधरा-वीस मिनिटांवर सॅक्स पॉइंट लागतो. मॅकॉले जितका उघडा, तितकाच सॅक्स पॉइंट दाट झाडीचा आहे. येथे हिरवळीवर बसून डबा खावा. दुपारनंतर बसने गॉर्ज पार्क गाठावे (प्रश्न ११) आणि तेथेच दिवस संपवावा. हा सगळा बेत पाच-सहा तासांचा आहे. वेळ कमी असल्यास वेस्टसाँगचा टप्पा वगळावा, मॅकॉलेचा वगळू नये.

६. आई-वडिलांना गुडघ्यांचा त्रास आहे. चढ-उतार नसलेली वाट कोणती? स्वच्छतागृहांची सोय आहे का?

गॉर्ज पार्कमधील वाटा रुंद आणि बऱ्याच सपाट आहेत. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असलेल्यांनी आधी तेथेच जावे. सॅक्स पॉइंटच्या वाहनतळापासून समुद्र दिसणाऱ्या हिरवळीपर्यंतचे अंतरही थोडेच आहे. या दोन्ही ठिकाणी स्वच्छतागृहे आहेत. मॅकॉलेच्या वाटांवर खडी आणि थोडा चढ आहे, पण काठी घेऊन सावकाश चालणाऱ्याला तो जमतो.

गुडघेदुखी असणाऱ्यांनी हायरॉक पार्क मात्र टाळावे. टाउनशिपमधील ही सर्वांत उंच जागा असून माथ्यावर दगडांचा स्तूप आहे, तेथून चहूबाजूंचा मुलूख दिसतो, पण शेवटचा टप्पा उघड्या खडकावरचा आहे आणि पावसानंतर तो फार निसरडा होतो. भेटीला आलेल्यांना ब्रिटिश कोलंबियाचा सार्वजनिक आरोग्यविमा लागू होत नाही, त्यामुळे प्रवासविमा असल्याशिवाय वृद्धांना खडकाळ किनाऱ्यावर नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपत्काळात ९११ वर फोन करावा.

७. मॅकॉले पॉइंटला किल्ला आहे असे वाचले. रायगड-सिंधुदुर्ग पाहिलेल्याने तेथे काय पाहावे?

तटबंदी, बुरूज, दरवाजे यांची अपेक्षा ठेवू नये. १८७८ मध्ये रशियाशी युद्ध होण्याच्या भीतीने येथे घाईने मातीचे मोर्चे उभारण्यात आले आणि १८९० च्या दशकात त्यांच्या जागी काँक्रीटचे पक्के बांधकाम झाले. तीन सहा-इंची तोफा जमिनीत खोदलेल्या गोलाकार खड्ड्यांत बसवल्या होत्या. डागण्याच्या वेळी तोफ भिंतीच्या वर उचलली जाई आणि डागल्यावर धक्क्याने आपोआप पुन्हा खाली जाई, म्हणजे समुद्रावरील शत्रूला ती क्षणभरच दिसे. आपले किल्ले दुरून दिसावेत आणि धाक बसावा अशा जागी बांधलेले असतात. हा किल्ला दिसू नये म्हणून बांधलेला आहे. हे ध्यानात ठेवून पाहिले तर त्या ओसाड खड्ड्यांना अर्थ येतो. या किनाऱ्यावर शत्रूच्या ताफ्याने कधीही हल्ला केला नाही.

तोफा आता नाहीत. खड्डे, भुयारी कोठारांचे दरवाजे आणि काँक्रीटचे कठडे उरले आहेत. जमीन संरक्षण खात्याची असल्याने कुंपण घातलेल्या भागात शिरू नये आणि मुलांना कठड्यांवर चढू देऊ नये.

८. नौदलाचा तळ आतून पाहता येतो का? बाहेरून युद्धनौकांची छायाचित्रे काढली तर चालतात का?

हा कॅनडाच्या पॅसिफिक ताफ्याचा चालू तळ आहे. गोदीच्या भागात सर्वसामान्यांना प्रवेश नाही. नेडन या भागातील नौदल व लष्करी संग्रहालय मात्र लोकांसाठी असते. ते पूर्वीच्या ब्रिटिश नौदल रुग्णालयाच्या आवारात आहे. तेथे जाताना छायाचित्र असलेले ओळखपत्र, म्हणजे पाहुण्यांनी पासपोर्ट, जवळ ठेवावे आणि उघडण्याचे दिवस आधी पाहून घ्यावेत. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा बागेतून छायाचित्रे काढायला सहसा अडचण येत नाही. जेथे मनाई फलक असेल तेथे काढू नयेत. ड्रोन आणू नये.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी आहे. क्रिमियन युद्धाच्या काळात, १८५५ मध्ये, जखमी नाविकांसाठी येथे लाकडी रुग्णालये बांधली गेली. १८६५ मध्ये ब्रिटिश नौदलाने पॅसिफिक ताफ्याचे मुख्य ठाणे चिलीतील वालपरायसोहून येथे आणले, १८८७ मध्ये पहिली सुकी गोदी (पाणी उपसून जहाज दुरुस्त करण्याची जागा) झाली आणि १९१० मध्ये तळ कॅनडाकडे आला. १९२७ मध्ये पूर्ण झालेली दुसरी, फार मोठी सुकी गोदी आजही चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ‘क्वीन एलिझाबेथ’ हे अवाढव्य प्रवासी जहाज सैन्यवाहतुकीसाठी गुप्तपणे येथेच दुरुस्त करून घेतले गेले. त्या काळी एवढे जहाज मावेल अशा गोद्या जगात थोड्याच होत्या.

९. एवढ्या दूरच्या बंदराचा मुंबईशी खरोखर काही संबंध आहे का?

आहे, आणि तो सागवानाचा आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जहाजबांधणी करणाऱ्यांनी मलबारच्या सागवानातून ब्रिटिश नौदलासाठी जी जहाजे घडवली, त्यांपैकी दोन या पाण्यात येऊन गेली. ८४ तोफांचे ‘गँजेस’ १८२१ मध्ये मुंबईत जलावतरित झाले आणि १८५७ पासून पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख जहाज होते. १८५९ मध्ये सान हुआन बेटावरून ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटण्याची वेळ आली, तेव्हा येथील ब्रिटिश वसाहतीचे गव्हर्नर डग्लस यांनी सैन्य उतरवण्याचा आग्रह धरला होता. ‘गँजेस’वरून ताफ्याचे नेतृत्व करणाऱ्या रिअर ॲडमिरल बेन्स यांनी तो मानला नाही आणि रक्तपात टळला. सॉल्ट स्प्रिंग बेटावरील मुख्य गावाचे नाव आजही गँजेस आहे. येथील लोक ते सहज उच्चारतात, पण त्यामागे गंगा आहे आणि मुंबईची गोदी आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

दुसरे जहाज ‘त्रिंकोमाली’. ते १८१७ मध्ये मुंबईत बांधले गेले, १८५० च्या दशकात पॅसिफिक ताफ्यात होते आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत्या स्थितीत जतन केलेले आहे. तवॉसनहून येणारी फेरी ॲक्टिव्ह पास या अरुंद खाडीतून बाहेर पडते, तेव्हा उजव्या हाताला वायव्येकडे जो लांबट जलमार्ग उघडतो, तो त्रिंकोमाली चॅनेल. फोन खाली ठेवावा असे प्रश्न ३ मध्ये म्हटले, ते या क्षणासाठी. फेरीच्या कठड्याशी उभे राहून मी हे पाहुण्यांना दाखवतो, तेव्हा माझगावात किंवा गिरगावात वाढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते पाहण्यासारखे असते.

१०. कोमागाटा मारूशी एस्क्वायमॉल्टचे नाव कसे जोडले जाते? ते जहाज तर व्हँकुव्हरला आले होते ना?

होय, जहाज व्हँकुव्हरच्या बंदरातच अडवले गेले. २३ मे १९१४ रोजी ते ३७६ प्रवाशांसह तेथे पोहोचले. प्रवाशांत बहुसंख्य शीख होते; मुसलमान आणि हिंदूही होते. मायदेशातून थेट, वाटेत न थांबता आलेल्यांनाच प्रवेश द्यायचा, हा नियम १९०८ मध्ये भारतीयांना दूर ठेवण्यासाठीच रचला गेला होता, कारण भारतातून तसा थेट प्रवास व्यवहारात शक्य नव्हता. फक्त २४ जणांना उतरू दिले गेले. बाकीचे प्रवासी दोन महिने बंदरात अडकून पडले. शेवटी सरकारने ‘रेनबो’ ही युद्धनौका आणली. ती कॅनडाच्या नव्या नौदलाची पश्चिम किनाऱ्यावरची नौका होती आणि तिचा तळ एस्क्वायमॉल्ट होता. तिच्या तोफांच्या छायेत २३ जुलै रोजी कोमागाटा मारू परत निघाले. सप्टेंबरअखेर कलकत्त्याजवळ बजबज येथे पोलिसांच्या गोळीबारात त्यातील अनेक प्रवासी मारले गेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत औपचारिक क्षमा मागितली ती २०१६ मध्ये.

या बंदराकडे पाहताना मुंबईत बांधलेले ‘गँजेस’ आणि येथून निघालेले ‘रेनबो’ या दोघांची आठवण बरोबरच ठेवावी, असे मला मनापासून वाटते. ज्यांना हा धागा पुढे पाहायचा आहे त्यांनी व्हिक्टोरियातील टोपाझ अव्हेन्यूवरील गुरुद्वाऱ्यात जावे, आणि गाडी असल्यास डंकनजवळचे पाल्डी हे लाकूड गिरणीभोवती मेयो सिंग यांनी वसवलेले गाव पाहावे.

११. गॉर्ज पार्कमधील जपानी बाग खरी जुनी आहे की नव्याने केलेली?

आज दिसते ती नव्याने उभी केलेली आहे. जागा मात्र जुनी आहे, आणि मधल्या रिकाम्या काळाची गोष्टच जाणून घेण्यासारखी आहे. १९०७ मध्ये हायातो ताकाता आणि योशिजिरो किशिदा यांनी येथे चहाची बाग उघडली. योकोहामाहून आलेले इसाबुरो किशिदा यांनी तिची रचना केली आणि त्यांनीच पुढे बुचार्ट गार्डन्समधील जपानी बागेचेही काम केले. व्हिक्टोरियाहून विजेची ट्राम भरून माणसे येत, चहा पीत, कंदिलांखाली फिरत. ताकाता कुटुंबाने ही बाग पस्तीस वर्षे चालवली.

१९४२ मध्ये कॅनडा सरकारने किनाऱ्यावरील २१,००० हून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडायला लावून देशाच्या अंतर्भागात पाठवले. त्यांत बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते. ताकाता कुटुंबालाही जावे लागले. निर्जन बागेची नासधूस झाली, झाडे आणि दिवे लोकांनी उचलून नेले. १ एप्रिल १९४९ पर्यंत, म्हणजे युद्ध संपून साडेतीन वर्षे उलटली तरी, या लोकांना किनाऱ्यावर परतण्याची मुभा नव्हती. सरकारने माफी मागितली ती १९८८ मध्ये. आजची बाग छोटी आहे आणि ती घाईत पाहिली तर पाच मिनिटांत संपते. माहितीफलक वाचत, पाण्याच्या कडेला बसत पाहिली तर तास कमी पडतो.

१२. मूळ रहिवाशांच्या वस्तीत जाऊन त्यांचे जीवन पाहता येते का?

टाउनशिपला लागून साँगहीज आणि एस्क्वायमॉल्ट या मूळ रहिवाशांच्या दोन राष्ट्रांच्या, म्हणजे समाजांच्या, राखीव भूमी आहेत. तेथे लोकांची राहती घरे आहेत. आपल्या अंगणात अनोळखी माणसाने कॅमेरा घेऊन यावे हे आपल्याला रुचणार नाही, त्यांनाही रुचत नाही. निमंत्रण किंवा सार्वजनिक कार्यक्रम असेल तेव्हाच जावे. साँगहीज लोकांची जुनी वस्ती व्हिक्टोरियाच्या आतल्या बंदरासमोर होती. १९११ च्या करारानंतर त्यांना तेथून हलवून येथे आणले गेले.

त्यांची भूमी समजून घ्यायची असेल तर टिलिकम पुलाशी जावे. गॉर्ज या समुद्राच्या अरुंद जलमार्गाचे पाणी तेथे खडकाळ उंबऱ्यावरून जाते. भरतीला ते आत धावते, ओहोटीला उलटे बाहेर फेसाळते. परंपरेने सांगतात की येथे कामोसुंग नावाची मुलगी रडत बसली होती. जगाचे रूप पालटणाऱ्या हेल्सने तिला खाण्याचे पदार्थ देऊ केले. बदके, हेरिंग, कोहो मासे, कालवे तिने स्वीकारली. स्टर्जन मासा आणि क्रॅनबेरी नाकारली, म्हणून त्या दोन गोष्टी येथे मिळत नाहीत. मग तिला या खाद्याची राखणदार म्हणून पाण्यात शिळा करून ठेवले. अहल्येच्या शिळेत शाप आहे. कामोसुंगची शिळा जबाबदारीची आहे. भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात, म्हणजे पाणी उलटताना पाहता येईल.

१३. किनाऱ्यावर कालवे आणि तिसऱ्या दिसतात. थोड्या काढून घरी नेल्या तर चालेल का?

नाही. कोकणातून आलेल्या पाहुण्यांना हा मोह हमखास होतो, पण भरतीच्या पाण्यातून मासे वा शिंपल्यातील जीव काढण्यासाठी केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि शहरालगतच्या या पट्ट्यात प्रदूषणामुळे शिंपले काढण्यास बंदी आहे. शिवाय उन्हाळ्यात काही सूक्ष्म शैवालांचे विष शिंपल्यांत साठते. ते शिजवून जात नाही आणि प्राणावर बेतू शकते. तिसऱ्या खायच्याच असतील तर मासळीच्या दुकानातून आणाव्यात.

१४. पाण्यात उतरून पोहता येते का?

मॅकॉले आणि सॅक्स पॉइंटचे पाणी उन्हाळ्यातही १२ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे पाय बुडवण्यापलीकडे जाऊ नये. २०२० च्या अखेरीस मॅकलॉकलिन पॉइंटचे शुद्धीकरण केंद्र सुरू होईपर्यंत या भागाचे सांडपाणी फक्त चाळून समुद्रात सोडले जाई. आता ती स्थिती नाही. गॉर्जचे पाणी उथळ असल्याने उन्हाळ्यात चांगलेच उबदार होते आणि लोक तेथे पोहतात. पुलाखालच्या ओढीपासून मात्र दूर राहावे (प्रश्न १२).

१५. पायवाटेवरील काळ्या बेरी तोडून खाल्ल्या तर चालतात का? आणि फुले?

ऑगस्टमध्ये काटेरी झुडपांवर पिकणाऱ्या ब्लॅकबेरी स्थानिक लोकही तोडून खातात. आपल्या करवंदांसारखाच हा वाटेवरचा मेवा आहे. झुडपाला ‘हिमालयन’ म्हणतात, पण ते हिमालयातले नाही. लुथर बर्बँक या अमेरिकी रोपतज्ज्ञाने भारतातून आलेल्या बियांपासून ते वाढवले आणि हे नाव दिले. मूळ मात्र आर्मेनियाच्या बाजूचे. येथे ते माजलेले तण समजले जाते.

कॅमासची फुले मात्र तोडू नयेत, कंद तर मुळीच खणू नयेत. हे कंद मूळ रहिवाशांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे, त्यासाठी स्त्रियांनी हे माळ राखले, जोपासले. शिवाय त्याच्याच सोबत उगवणाऱ्या, पांढरट फुलांच्या दुसऱ्या वनस्पतीचा कंद विषारी असतो आणि फुले गळून गेल्यावर दोन्ही ओळखणे अवघड असते.

१६. हरणे रस्त्यावर फिरतात. मुलांना त्यांच्याजवळ नेता येईल का? किनाऱ्यावर सीलचे पिल्लू एकटे दिसले तर?

दोन्ही वेळा अंतर ठेवावे. हरणांना खाऊ घालू नये; मे-जूनमध्ये पाडस जवळ असलेली मादी कुत्र्यावर आणि प्रसंगी माणसावरही धावून येते. सीलची आई पिल्लाला किनाऱ्यावर ठेवून अन्नासाठी जाते, त्यामुळे एकटे दिसणारे पिल्लू सोडून दिलेले असतेच असे नाही. त्याला हात लावू नये, पाण्यात ढकलू नये.

१७. सेंट पॉल्स चर्च आणि नौदलाची दफनभूमी पाहण्यासारखी आहे का?

दोन्ही पाहावीत. १८६६ चे सेंट पॉल्स हे लाकडी चर्च आधी किनाऱ्यालगत होते. जवळच्या तोफांच्या धक्क्यांनी त्याच्या खिडक्या हादरत, म्हणून १९०४ मध्ये अख्खी इमारत उचलून सध्याच्या जागी आणली. १८६८ ची दफनभूमी गोल्फच्या मैदानाच्या मधोमध आहे आणि तेथे दोन इवलीशी प्रार्थनागृहे आहेत. शिळांवरची वये वाचत जावे. सतरा-अठरा वर्षांच्या, घरापासून हजारो मैलांवर बुडालेल्या किंवा तापाने गेलेल्या नाविकांची नावे तेथे आहेत. प्रार्थना किंवा अंत्यविधी चालू असताना जाऊ नये.

१८. गणपतीचे विसर्जन गॉर्जमध्ये किंवा समुद्रात करता येईल का?

करू नये. माशांच्या पाण्यात हानिकारक पदार्थ सोडण्यास केंद्रीय मत्स्यव्यवसाय कायद्याने मनाई आहे, आणि रंग, प्लास्टर, निर्माल्य हे सर्व त्यात मोडू शकते. हेरिंग आणि कोहो या पाण्यात परततात. ते परतावेत म्हणून स्थानिक स्वयंसेवकांनी कित्येक वर्षे गॉर्जमधला कचरा उपसला आहे. शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करावी आणि माती झाडाला घालावी. आरतीसाठी बागेत मोठ्या संख्येने जमायचे असल्यास टाउनशिपची परवानगी आधी घ्यावी. मुलांना गॉर्जच्या काठावर नेऊन, पाण्यात काहीही न सोडता, नुसता नमस्कार करायला शिकवले तरी चालते. आम्ही तसेच करतो.

१९. समोर दिसणारे बर्फाच्छादित डोंगर कोणते? तेथे फेरी जाते असे ऐकले. आणि किनाऱ्यावर फोनचे बिल का वाढते?

ते ऑलिम्पिक पर्वत आहेत आणि ते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आहेत. व्हिक्टोरियाहून पोर्ट एंजेलिसला फेरी जाते, पण तिच्यासाठी अमेरिकेचा स्वतंत्र व्हिसा लागतो. कॅनडाचा व्हिसा तेथे चालत नाही. ज्यांचा कॅनडाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे त्यांनी परतीच्या प्रवेशाचे नियम तपासल्याशिवाय तिकीट काढू नये.

अमेरिकेची ही जवळीक फोनलाही फसवते. मॅकॉले आणि सॅक्स पॉइंटच्या किनाऱ्यावर फोन कधीकधी पलीकडच्या अमेरिकी मनोऱ्याला जोडला जातो आणि रोमिंगचा आकार लागतो. म्हणून किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी रोमिंग बंद करावे, किंवा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅनडाची कंपनी हाताने निवडून ठेवावी.